आरसा चुकलाय का?

चित्रातला आरसा चुकलाय का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझ्या चित्रकलेच्या वर्गात एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराच्या ‘अ बार अ‍ॅट द फोली-बेर्जेर’ची मोठी प्रिंट टांगलेली आहे. मुलांना न्यायला आलेले पालक तिच्यासमोर रेंगाळतात आणि हमखास विचारतात, “सर, ते आरशातलं प्रतिबिंब चुकलंय ना?”

चुकलंय की! इंटरमिजिएटच्या पेपरात कुणी असं काढलं, तर मीच गुण कापीन.

पॅरिसमधल्या करमणुकीच्या ठिकाणचा हा बार. संगमरवरी काउंटरमागे मद्य विकणारी मुलगी उभी आहे. (तिला बारबाला म्हणवत नाही, आपल्याकडे त्या शब्दाला भलताच वास आहे.) तिच्या पाठीमागे भिंतभर आरसा. ती आपल्याकडे सरळ बघते, म्हणजे तिची पाठमोरी आकृती तिच्याच आड लपायला हवी. ती आकृती मात्र उजवीकडे सरकलीय आणि उंच टोपीवाल्या गृहस्थाशी बोलतेय. इकडे ताठ, तिकडे किंचित वाकलेली. शिवाय तो गृहस्थ आरशात आहे, मग काउंटरसमोर कुठंय? तिथे तर आपण उभे!

चित्राचे एक्स-रे काढल्यावर दिसलं, की मानेने ते प्रतिबिंब आधी तिच्या जवळ काढलं होतं आणि नंतर मुद्दाम लांब नेलं. एका अभ्यासकाने तर तशी मांडणी उभारून, बाजूच्या कोनातून फोटो काढून हे शक्य असल्याचं दाखवलं. असेल. मला ते गणित सुटलेलं फारसं आवडत नाही.

हे चित्र 1882चं. माने तेव्हा पायाच्या दुखण्याने बेजार होता. त्याने काउंटर स्टुडिओतच मांडला आणि त्या बारमध्ये खरोखर नोकरी करणारी सुझाँ त्यामागे उभी केली. पुढच्याच वर्षी, 51व्या वर्षी तो गेला. सही त्याने कोपऱ्यात नाही, डावीकडच्या बाटलीच्या लेबलवर केलीय.

आरशात झुंबरं आहेत, बाल्कनीतली गर्दी आहे, दुर्बीण लावून बसलेली एक बाईही आहे. काम सोडून इकडेतिकडे बघायची मुभा नसलेली काउंटरमागची मुलगी एकटीच. आणि ज्यासाठी लोक तिकीट काढून आलेत तो खेळ? वर डाव्या कोपऱ्यात झोक्यावरचे दोन पाय, हिरव्या बुटांतले. बस्स.

मुलं आरशाबद्दल कधीच विचारत नाहीत. पहिल्याच दिवशी विचारतात, “सर, वर कोण लटकतंय?”