शॉट नसलेला सेंटर

मिनियापोलिसमध्ये बास्केटबॉलचा विषय निघाला की पाच मिनिटांत गाडी रुडी गोबेरवर येते. २०२२च्या जुलैत इथल्या टिंबरवुल्व्ह्जनी त्याला युटा जाझकडून घेतलं. बदल्यात पाच खेळाडू दिले, वर पुढच्या काही वर्षांच्या ड्राफ्टमधल्या, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक प्रक्रियेतल्या, पहिल्या फेरीच्या चार निवडी. आणि आणला कोण, तर सात फूट एक इंच उंचीचा असा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू), ज्याला लांबून चेंडू टाकता येत नाही. ऑफिसात त्यावरून आजही दोन गट आहेत. मी गोबेरच्या गटात आहे, आणि का ते नीट सांगावंसं वाटतं, कारण भारतात रात्र जागून एनबीए, म्हणजे इथली अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, पाहणारे मित्रही फोनवर हेच विचारतात: शॉट नसलेल्या उंच माणसाला आता या खेळात जागा उरली आहे का?

शंका रास्त आहे. एनबीएत तीन गुणांची रेषा १९७९-८० मध्ये आली, तेव्हा एका सामन्यात एक संघ सरासरी तीनसुद्धा थ्री (त्या रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे शॉट) मारून बघत नसे. २०२४-२५ मध्ये बॉस्टन सेल्टिक्सने सामन्यामागे ४८ मारून बघितल्या. एवढ्या शॉट्ससाठी मैदान मोकळं लागतं. सेंटरला बाहेरून मारता येत नसेल तर त्याला अडवायला नेमलेला खेळाडू त्याला खुशाल सोडतो आणि रिंगखाली जाऊन उभा राहतो. मग चेंडू घेऊन आत घुसणाऱ्या गार्डसमोर, म्हणजे चेंडू हाताळणाऱ्या चपळ खेळाडूसमोर, एकाऐवजी दोन माणसं येतात. म्हणूनच ब्रूक लोपेझसारख्या मुरलेल्या सेंटरने स्वतःचा खेळ बदलला. पहिल्या आठ हंगामांत मिळून त्याच्या तीन थ्री पडल्या होत्या, नवव्यात एकदम १३४. पुढे २०२१ मध्ये तो मिलवॉकीसोबत विजेता झाला. क्रिकेटमध्ये गिलख्रिस्टनंतर नुसत्या चांगल्या यष्टिरक्षणावर संघात टिकणं अवघड झालं, तसंच हे.

पण वुल्व्ह्जच्या टार्गेट सेंटर या स्टेडियममध्ये वरच्या स्वस्त जागांवरून सामना बघितला की दुसरी बाजू दिसते. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो. वरून दहाही माणसं एकदम दिसतात. वुल्व्ह्जचा गार्ड अँथनी एडवर्ड्सकडे चेंडू असतो. गोबेर वर येऊन एडवर्ड्सला अडवणाऱ्या खेळाडूच्या वाटेत ठाम उभा राहतो, तो अडकला की वळून थेट रिंगकडे धावतो. त्याच्यापर्यंत उंच पास पोहोचला तर डंक, म्हणजे चेंडू वरून थेट रिंगमध्ये दाबणं, ठरलेला. तो टाळायला कोपऱ्यातल्या शूटरवरचा माणूस दोन पावलं आत सरकतो आणि कोपरा उघडा पडतो. पास तिकडे जातो, थ्री पडते, अख्खं स्टेडियम उठून उभं राहतं. आकडेवारीत गोबेरच्या नावावर काहीच नसतं. जागा मात्र त्यानेच मोकळी केलेली असते.

बचावात हे आणखी ठळक दिसतं. समोरचा गार्ड वेगाने आत येतो, गोबेरला बघतो आणि चेंडू घेऊन परत बाहेर जातो. अडवलेला शॉट मोजतात. घेतलाच नाही तो शॉट त्याच्या खात्यात कुणी लिहीत नाही. २०२३-२४ मध्ये लीगमधला सर्वोत्तम बचाव वुल्व्ह्जचा होता, संघाने ५६ सामने जिंकले आणि सर्वोत्तम बचावपटूचा किताब गोबेरला चौथ्यांदा मिळाला. तेवढे किताब डिकेम्बे मुटोम्बो आणि बेन वॉलेस या दोघांनाच मिळालेत.

मात्र शॉट नसेल तर बाकीचं सगळं चोख लागतं. धावता धावता आलेला पास पकडणारे हात हवेत. दोघांनी घेरलं तर मोकळा सहकारी तत्काळ दिसायला हवा. ओक्लाहोमा सिटीचा आयझाया हार्टेनस्टाइन थ्री मारणाऱ्यांतला नाही, पण मधल्या पट्ट्यात चेंडू मिळाला की त्याचा पास बघत राहावा असा असतो, आणि तो २०२५च्या विजेत्या संघात आहे. तिसरी गोष्ट फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर कुणी न अडवता मारायला मिळणारे शॉट. माझ्या मते उंच माणसाचं भवितव्य थ्रीपेक्षा यावर ठरतं. ज्याचे निम्मे फ्री थ्रो चुकतात त्याला समोरचे मुद्दाम फाउल करत राहतात आणि अटीतटीच्या वेळी प्रशिक्षकाला त्याला बसवावंच लागतं. गोबेरचं कारकिर्दीतलं प्रमाण साधारण ६४ टक्के आहे, म्हणजे काठावर पास.

शिवाय असा माणूस मैदानावर शक्यतो एकच परवडतो. शेजारी मारणारे हवेत. वुल्व्ह्जकडे नाझ रीड आहे, उंच आणि थ्री मारणारा. तो इथल्या लोकांचा इतका लाडका की कित्येकांनी त्याचं नाव अंगावर गोंदवून घेतलंय. गोबेरचं नाव गोंदवलेलं मला अजून कुणी दिसलं नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्याच्या विरोधात दोन प्रसंग नेहमी काढतात. २०२१ मध्ये क्लिपर्सविरुद्धच्या प्लेऑफ (बाद फेरी) मालिकेच्या सहाव्या सामन्यात जाझचे गार्ड सारखे मागे पडत होते. गोबेर मदतीला आत आला की क्लिपर्सचा टेरेन्स मान कोपऱ्यात मोकळा, नाही आला तर रिंगकडे रस्ता मोकळा. मानने ३९ गुण केले आणि खापर गोबेरवर फुटलं. हे मला कधीच पटलेलं नाही. दुसरा प्रसंग २०२४चा, तेव्हा डॅलसकडून खेळणाऱ्या लुका डॉन्चिचने शेवटच्या क्षणांत मागे सरकून त्याच्या डोक्यावरून टाकलेली थ्री. तो मुद्दा खरा आहे. एवढ्या उंच माणसाला तिथे बाहेर ओढून एकटं पाडता येतं.

पण ३० एप्रिल २०२५ला लॉस एंजेलिसमध्ये काय झालं तेही सांगायला हवं. वुल्व्ह्जनी ४७ थ्री मारल्या, त्यातल्या फक्त ७ पडल्या. अशा रात्री संघ हरतात. समोर लेकर्स होते, डॉन्चिच आता त्यांच्याकडे होता, पण त्यांच्याकडे भरवशाचा उंच सेंटर नव्हता. गोबेरने २७ गुण केले, २४ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतरचे चेंडू) घेतले, वुल्व्ह्ज १०३-९६ जिंकले आणि प्लेऑफची मालिका संपली. शूटर्सचे हात थंड पडल्यावर उंचीने सामना काढला.

नाझ रीडच्या गटातला माझा एक सहकारी अजूनही म्हणतो, शेवटच्या पाच मिनिटांत रीडच हवा. मी म्हणतो, समोर कोण आहे ते बघू. २०२०च्या विजेत्या लेकर्सनी ठेंगण्या ह्यूस्टनसमोर त्यांच्या सेंटर ड्वाइट हॉवर्डला बहुतेक वेळ बसवून ठेवलं आणि पुढच्याच फेरीत डेन्व्हरचा धिप्पाड सेंटर जोकिचसमोर त्यालाच उतरवलं. समोर पाच चपळ शूटर असतील तर रीडला माझी हरकत नाही. समोर जोकिच असेल तर मात्र मी गोबेरला शेवटच्या सेकंदापर्यंत आत ठेवीन.