लोअर परळच्या क्लबात ऐकलेला बेस

अमळनेरात लग्नकार्यांना साऊंड सिस्टीम भाड्याने देण्याचा व्यवसाय मी बावीस वर्षांपासून करतो. गेल्या उन्हाळ्यात पारोळ्याजवळच्या एका गावी हळदीच्या रात्री मिक्सरवर बसलेल्या आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने गर्दीच्या आग्रहाखातर आवाज वाढवत नेला, क्षमतेपेक्षा जास्त आवाजाची सूचना देणारे अँप्लिफायरचे लाल दिवे सतत पेटलेले राहिले आणि शेवटी एका टॉपचा, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरचा, डायफ्रॅम (आतला कंप पावणारा पडदा) जळाला. त्या नुकसानीचे मला फारसे वाटले नाही. पण नवरदेवाची आजी दोन्ही कानांवर पदर घट्ट धरून मांडवातून उठून गेली, तीही आपल्याच नातवाच्या हळदीतून, हे दृश्य काही केल्या माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

माझा भाचा मुंबईत ध्वनिमुद्रणाचे शिक्षण घेतो. त्याला हा प्रकार सांगितला तेव्हा तो म्हणाला, "मामा, तुम्ही एकदा इकडे या. जिथे माणसे संगीतासाठीच जातात अशा क्लबात तुम्हाला नेतो. तिथला बेस ऐका, मग बोलू." वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी नाइटक्लबात जाण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग होता. तो जसा घडला तसा लिहितो आहे, कारण माझ्या धंद्यातल्या दुसऱ्या कुणाला जावेसे वाटले तर त्याची वाट थोडी सोपी व्हावी.

पहिल्या प्रयत्नात आम्हाला दारातूनच परत यावे लागले. त्या क्लबाचे नाव मी घेत नाही. शनिवारची रात्र होती आणि आम्ही दोघेही पुरुष असल्याने 'स्टॅग एंट्री बंद आहे' एवढे एकच उत्तर मिळाले. विचारलेल्या दुसऱ्या कोणत्याही प्रश्नाकडे दारावरच्या माणसाने लक्ष दिले नाही. सुरतमार्गे रात्रभर गाडीने प्रवास करून आलेल्या माणसाला हे फार लागते. पुढे भाच्याने मला एक खूण सांगितली, ती खरी ठरली. ज्या क्लबाच्या जाहिरातीत कलाकाराचे नाव आणि वाजवण्याची वेळ ठळक असते, तिथे बहुधा संगीताला किंमत असते. जिथे फक्त मद्याच्या सवलती ठळक असतात, तिथे ऐकायला जाऊ नये.

दुसऱ्या वेळी आम्ही तीन आठवडे आधी तिकिटे काढली आणि एकट्या पुरुषांना प्रवेश आहे की नाही, हे फोन करून विचारून घेतले. हा क्लब लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात होता. माझे वडील आमच्या प्रताप मिलमध्ये साच्यावर कामाला होते, त्यामुळे ती उंच चिमणी आणि दगडी भिंती पाहून मी काही क्षण बाहेरच थांबलो. दारावर तिकीट आणि आधार कार्ड पाहिले. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, म्हणून तरुणांची ओळखपत्रे ते विशेष बारकाईने पाहत होते. पिशवी तपासली, मनगटाला कागदी पट्टी बांधली आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यावर एक छोटा गोल स्टिकर चिकटवला. आत चित्रण करायचे नाही, असे त्यांनी नम्रपणे सांगितले. आमच्याकडे मांडवात निम्मे लोक हात वर करून चित्रीकरण करत असतात, त्यामुळे मला या स्टिकरचे कौतुक वाटले. आत शिरल्यावर मी आधी बाहेर पडण्याचे दोन्ही दरवाजे पाहून घेतले. डिसेंबर २०१७ मध्ये याच परळ भागातील कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत १४ जीव गेले होते, ते मी विसरलेलो नाही. बंद जागेत मांडव घालणाऱ्या प्रत्येकाने ही सवय लावून घ्यावी.

आम्ही मुद्दाम दहालाच पोहोचलो होतो. सभागृह जवळजवळ रिकामे होते आणि मला हवे होते तेही तेच. नाचण्याच्या चौकाच्या चार कोपऱ्यांत टॉप टांगलेले होते आणि चारही आतल्या बाजूला किंचित झुकवलेले होते, म्हणजे आवाज माणसांवर पडावा, भिंतींवर आपटू नये. भिंतींना आणि छताला जाड काळे आवरण होते. मी टाळी वाजवून पाहिली तर ती तिथल्या तिथे विरली. बार बराच मागे, आडोशाच्या पलीकडे होता, त्यामुळे ज्याला बोलायचे त्याने तिकडे जावे आणि ज्याला ऐकायचे त्याने चौकात थांबावे, अशी सोय आपोआपच झाली होती. बेसच्या पेट्या मात्र दोन बाजूंना नव्हत्या. त्या सगळ्या डीजेच्या टेबलाखाली एकाला एक चिकटून ओळीत ठेवल्या होत्या. आम्ही आयुष्यभर निम्मा बेस डावीकडे आणि निम्मा उजवीकडे लावत आलो.

साडेअकराच्या सुमारास चौक भरला. वाजत होते ते हाऊस. हे संगीत शिकागोत जन्मले. तिथल्या वेअरहाऊस या क्लबात १९७७ पासून फ्रँकी नकल्स वाजवत असत आणि त्या जागेच्या नावावरूनच 'हाऊस' हे नाव पडले, असे सांगतात. तालात मात्रा चार आणि चारही मात्रांवर बेसड्रमचा ठोका, मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके. वर्णन करताना हे अगदी साधे वाटते. पण डीजे एका गाण्यातून दुसऱ्यात कसा जातो, हे मी जवळून पाहिले आणि माझा वेळ कुठे गेला ते कळले नाही. दुसरे गाणे तो हेडफोनवर आधी जुळवून घेत होता. मग त्याचा बेस पूर्ण बंद ठेवून फक्त झांजेचा आवाज हळूच वर आणत होता आणि सुमारे दोन मिनिटांनी, एकाच क्षणी, एका हाताने पहिल्याचा बेस उतरवून दुसऱ्या हाताने दुसऱ्याचा चढवत होता. दोन बेस एकत्र वाजले तर दोन्ही गढूळ होतात, हे आम्हालाही ठाऊक आहे, पण लग्नात फर्माईश आली की आम्ही चालू गाणे अर्ध्यावर तोडतो आणि वर माइकवरून नावे पुकारतो.

भाच्याने दिलेले इअरप्लग मी सुरुवातीपासून घातले होते. साध्या फोमच्या प्लगने वरचे स्वर जास्त दबतात. वादकांसाठी मिळणाऱ्या प्लगमध्ये गाळणी असते आणि सगळे स्वर बऱ्याच अंशी सारखे कमी होतात. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला जास्तीत जास्त आठ तास हे कामाच्या ठिकाणचे सुचवलेले प्रमाण आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी, या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. आम्ही मांडवात पाच-पाच तास उभे असतो. हे गणित मला इतक्या उशिरा कळावे, याचे मला मनापासून वाईट वाटले.

चौकाच्या मध्यभागी उभा राहिलो तेव्हा बेस छातीत आणि पायांच्या तळव्यांत जाणवत होता, पण कानावर आघात होत नव्हता. भाचा जवळ येऊन नेहमीच्या आवाजात म्हणाला, "मामा, कसं वाटी राहिनं?" (आमच्या अहिराणीत, कसे वाटते आहे?) आणि मला प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला.

साडेबाराला मी धीर करून मागे उभ्या असलेल्या साऊंडच्या मुलाशी बोललो. मी त्याच धंद्यातला आहे हे कळल्यावर त्याने अगदी आपुलकीने समजावले. "काका, बेस दोन बाजूंना वेगवेगळा ठेवला की मधल्या रेषेत दणका बसतो आणि थोडे बाजूला सरकले की दोन्ही लाटा एकमेकींना मारतात. मग बाजूचे लोक कमी पडतो म्हणतात आणि तुम्ही सगळ्यांसाठीच वाढवता." ५० हर्ट्झच्या, म्हणजे खोल बेसच्या, आवाजाची एक लाट सुमारे सात मीटर लांब असते, म्हणून एक पेटी दुसरीपेक्षा साडेतीन मीटर दूर पडली की दोन्ही लाटा उलट येऊन एकमेकींना मिटवतात, एवढे लक्षात घेतले की आमच्या मांडवात काय घडत होते ते उलगडते. दुसरे त्याने सांगितले ते लिमिटरबद्दल. आवाज एका मर्यादेपुढे जाऊच नये म्हणून तो बसवलेला असतो, त्याचे कपाट बंद असते आणि किल्ली डीजेकडे दिली जात नाही.

त्यानेच मला चरणजित सिंग यांच्याविषयी सांगितले. १९८२ साली मुंबईच्या या वादकाने रोलंड या जपानी कंपनीच्या टीबी-३०३ (बेस वाजवणारे) आणि टीआर-८०८ (ढोलाचे ठोके वाजवणारे) या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर राग वाजवून ध्वनिमुद्रित केले, आणि शिकागोत त्याच टीबी-३०३ च्या आवाजावर उभे राहिलेले अ‍ॅसिड हाऊस त्यानंतर काही वर्षांनी आले. आमच्याकडच्या बँडवाल्यांनी कॅसिओवर अहिराणी गाणी वाजवून नवे वळण आणले, तेव्हा त्यांना हसणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना ही गोष्ट सांगावी असे वाटते.

दीडला दिवे लागले आणि सगळे शांतपणे बाहेर पडले. सकाळी झोपून उठलो तेव्हा कानांत नेहमीची शिट्टी नव्हती.

तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या ऑर्डरला मी चारही बेस मांडवाच्या पुढे मधोमध एकत्र लावले. मोकळ्या जागेत रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे, म्हणून दहाला सिस्टीम बंद केली. वऱ्हाडातली तरुण मुले पहिला अर्धा तास "आप्पा, बेस कमी वाटतो" म्हणत होती. नंतर ती नाचण्यात रमली. दोन गिऱ्हाईकांनी मात्र ही मांडणी पाहून ऑर्डर दुसरीकडे दिली. ती मी जाऊ दिली. लिमिटर बसवून घेतला आहे आणि कपाटाची किल्ली मिक्सरवरच्या मुलाकडे न देता माझ्या खिशात ठेवतो.