पिशवी कुणाच्या हातात होती

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी जुने सहकारी भेटले की एक प्रश्न हमखास येतो. हल्ली वाचनालयातली मुलंही विचारतात. "तुम्ही चौतीस वर्षं कॅशमध्ये काढलीत, आणि वाचता काय, तर बँका लुटणाऱ्या फ्रेंच अराजकवाद्यांबद्दल. असं का?" रस्त्यात उभं राहून याचं उत्तर देणं मला कधी जमलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता सवडीनं लिहितो.

याची सुरुवात पुस्तकातून झाली नाही. १९८७च्या उन्हाळ्यात आमच्या शाखेची जास्तीची रोकड मुख्य शाखेत भरायला मी निघालो होतो. भाड्याची जीप, पुढं ड्रायव्हर, मागं मी आणि शिपाई. शिपायाला सगळी शाखा मामा म्हणायची. ट्रंक मामांच्या पायाशी, साखळी सीटच्या दांडीला अडकवलेली, किल्ली माझ्या खिशात. घाटाच्या वळणावर झाडाचं खोड आडवं पडलेलं दिसलं. ड्रायव्हर उतरला आणि चौघं जण झाडीतून आले. मी किल्ली काढून दिली. मामा मात्र ट्रंकेवर आडवे पडले. एकानं त्यांच्या डोक्यात पहार घातली.

रोकडीचा विमा होता. थोड्याच महिन्यांत भरपाई आली, खातं टॅली झालं. मामांचा डावा कान कायमचा गेला.

पुढं पोलिसांनी ओळख पटवायला बोलावलं. भिंतीशी पाच जण उभे केले होते, पाचही पारध्यांच्या पालावरून उचललेले. मी चेहरे पाहिलेच नव्हते, भीतीनं मान खाली होती. मामांनी पाहिले होते. त्यांनी पाचही जणांकडं नीट निरखून बघितलं आणि म्हणाले, "यातला कुणी नाही." त्यांना पुन्हा विचारलं, मग दरडावून विचारलं. त्यांचं उत्तर बदललं नाही. शाखेत काही जण म्हणाले, म्हातारा घाबरला. मला ते तेव्हाही पटलं नाही.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी एका इंग्रजी पुस्तकात २१ डिसेंबर १९११ची सकाळ वाचली. पॅरिसमधला र्यू ओर्दनेर नावाचा रस्ता. सोसिएते जनेराल या बँकेचा काबी नावाचा शिपाई रोकड आणि रोख्यांची पिशवी घेऊन शाखेकडं चालला होता. चोरलेल्या दलोने-बेलव्हिल मोटारीतून आलेल्या माणसांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या, पिशवी हिसकली आणि त्याच मोटारीतून ती माणसं पसार झाली. दरोडा घालून मोटारीतून पळण्याची ही पहिलीच वेळ मानतात, त्यामुळं सगळीकडं त्या मोटारीचं वर्णन सापडतं. मी ते पान वाचताना काबीपाशी थांबलो. पिशवीत रोख निघाली सुमारे ५ हजार फ्रँक. बाकी सगळे रोखे, जे चोराला विकता येणं महाकठीण. हे करणारी मुलं स्वतःला गरिबांच्या बाजूची म्हणवत होती, हे वाचल्यावर मला झोप लागली नाही. तेव्हापासून मी यांच्याबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे.

कायदा मोडून, चोरी-दरोड्यानं जगणं हेच बंड, या विचाराला फ्रेंचमध्ये इलेगालिझम म्हणतात. मी बेकायदावाद म्हणतो. आपल्याकडं आधी 'अराजक' या शब्दाचाच घोटाळा आहे. मराठीत अराजक म्हणजे बजबजपुरी. त्यात इंग्रज सरकारनं आपल्या क्रांतिकारकांना सरसकट अनार्किस्ट ठरवलं. ज्याला आपण रौलेट कायदा म्हणतो, त्याच्या १९१९च्या अधिकृत नावातही हा शब्द आहे. युरोपातल्या अराज्यवाद्यांचं म्हणणं मात्र सरळ होतं: राज्यसंस्था नको, मालक नको, माणसांनी आपापसांत ठरवून जगावं. त्यांच्यातल्या बहुतेकांचा भर संघटना, संप, शाळा, वर्तमानपत्रं यांवर होता. बेकायदावादी हा त्यांच्यातला छोटा, हट्टी गट.

त्यांचा युक्तिवाद मी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. १८४० मध्ये प्रूधों या फ्रेंच विचारवंतानं लिहिलं की मालमत्ता म्हणजे चोरी. आता मालमत्ता ही जर चोरी असेल, तर श्रीमंताच्या घरातून वस्तू उचलणं ही झाली थकीत येण्याची वसुली. ते याला 'वैयक्तिक परतवसुली' अशाच अर्थाचं नाव देत. त्यात जर्मनीच्या माक्स स्टिर्नरची भर पडली. १८४४च्या त्याच्या ग्रंथात कायदा, धर्म, राष्ट्र, नीती ही सगळी माणसाच्या डोक्यात बसलेली भुतं आहेत, असं म्हटलं होतं. भुतं उतरली की उरतो एकटा माणूस आणि त्याला जे घेता येईल ते. प्रूधोंपासून निघालेली वाट अन्यायाबद्दल बोलते, स्टिर्नरपासून निघालेली फक्त स्वतःबद्दल. पुढचा सगळा इतिहास मला या दोन वाटांच्या ओढाताणीसारखा दिसतो.

क्लेमां द्युव्हाल पहिल्या वाटेचा. फ्रान्स-प्रशिया युद्धात जखमी झालेला, आजारांनी खंगलेला कामगार. घरात खायला नाही म्हणून त्यानं रेल्वेच्या तिकीट कचेरीतून ८० फ्रँक चोरले आणि वर्षभर तुरुंग भोगला. १८८६ मध्ये त्यानं मादलेन लमेर या चित्रकर्तीचं घर फोडलं. त्या घराला आगही लागली. पकडायला आलेल्या पोलिसाला त्यानं भोसकलं. कोर्टात तो म्हणाला की पोलिसानं मला कायद्याच्या नावानं अटक केली, मी त्याच्यावर स्वातंत्र्याच्या नावानं वार केला. फाशीची शिक्षा झाली, ती दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयाना या वसाहतीतल्या जन्मठेपेवर आली. चौदा वर्षांनी, १९०१ मध्ये, तो तिथून निसटला आणि न्यूयॉर्कमध्ये म्हातारा होऊन वारला.

ज्याच्यासाठी मी एवढं वाचत राहिलो तो मारिउस जाकोब. १८७९चा मार्सेयचा जन्म, पोरवयात जहाजावर नोकरी. १९०० ते १९०३ या तीन वर्षांत त्याच्या टोळीनं दीडशेच्या आसपास घरफोड्या केल्या. स्वतःला ते 'रात्रीचे कामगार' म्हणवत. जाकोब कारागीर होता, आणि कारागिरी मला कुठंही दिसली तरी मी बघत बसतो. घर रिकामं आहे का हे कळायला दाराच्या फटीत कागदाचा कपटा सरकवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तो जागेवर आहे का पाहायचं. १९०१ मध्ये र्यू कँकाँप्वा इथल्या जवाहिऱ्याकडं त्यांनी वरच्या मजल्यावरून जमिनीला लहानसं भोक पाडलं, त्यातून छत्री खाली सोडली आणि उघडली. मग भोक मोठं करताना पडणारा राडारोडा आवाज न करता छत्रीत साठत गेला.

त्याहून मोलाचे त्याचे नियम. डॉक्टर, वास्तुरचनाकार, लेखक, म्हणजे समाजाच्या उपयोगी पडणाऱ्या माणसाचं घर फोडायचं नाही. पाद्री, न्यायाधीश, लष्करी अधिकारी, मालक यांची फोडायची. हत्यार चालवायचं ते फक्त जीव आणि मोकळीक वाचवायला, तेही पोलिसांसमोर. मिळकतीचा दहावा हिस्सा चळवळीला. हे वाचताना मला बरं वाटत होतं, ते लपवत नाही. अन्यायाचा राग यावा आणि तरी हात आवरता यावा, असा माणूस मला हवा होता.

तरीही १९०३च्या एप्रिलमध्ये आब्बव्हिलची घरफोडी फसली. पळताना पाँ-रेमीच्या स्टेशनात झटापट झाली आणि प्रुव्हो नावाचा पोलीस शिपाई मेला. नियम त्यालाच वगळून लिहिला होता. प्रुव्हो कुठल्या बंगल्याचा मालक होता? पगारावर जगणारा माणूस, मामांसारखाच. जाकोबच्या सगळ्या हिशेबात मला न जुळणारी नोंद आहे ती ही.

१९०५च्या मार्चमध्ये आमियाँ इथं २३ जणांवर खटला चालला. जाकोबनं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. जगण्याचा हक्क भीक मागून मिळवायचा नसतो, तो घ्यायचा असतो, असं तो न्यायाधीशांना म्हणाला. त्याला गयानाच्या बेटांवर जन्मठेप झाली. त्याची आई मारीही आरोपींत होती, आणि सुटल्यावर तिनं मुलासाठी वर्षानुवर्षं अर्जविनंत्या केल्या. तिकडं त्यानं पळून जायचे डझनाहून अधिक प्रयत्न केले आणि कायद्याची पुस्तकं वाचून कैद्यांची बाजू लढवली. १९२७ मध्ये मोकळा झाला आणि पुढं गावोगावच्या बाजारांत कपडे विकून जगला. म्हातारपणी त्यानं म्हटलं की बेकायदावाद हा सिद्धांतापेक्षा स्वभावाचा प्रश्न आहे, आणि त्यानं आजच्या समाजात माणूस मुक्त होईल असं मला वाटत नाही. १९५४च्या ऑगस्टमध्ये, पंचाहत्तरी जवळ आली असताना, त्यानं शेजारपाजारच्या मुलांना बोलावून खाऊ घातलं आणि नंतर स्वतःचं आयुष्य संपवलं. मागं चिठ्ठी होती: कपडे धुतले आहेत, वाळवले आहेत, इस्त्री केलेली नाही, माफ करा, दोन लिटर वाइन ठेवली आहे.

र्यू ओर्दनेरचा दरोडा घालणारी बोनोची टोळी दुसऱ्या वाटेनं गेली. ही पोरं 'लानार्शी' या साप्ताहिकाभोवती जमलेली. ते आल्बेर लिबेर्तादनं १९०५ मध्ये काढलं होतं. रोमँव्हिलच्या घरात ती एकत्र राहत, दारू-तंबाखूला शिवत नसत, शाकाहारी जेवत, विज्ञान वाचत. संपकरी कामगार त्यांना मेंढरांसारखे वाटत. मला वाटतं, गडबड इथंच झाली. जाकोबला शत्रू ठाऊक होता, यांना आपल्याबाहेरचा प्रत्येक माणूस शत्रूचाच वाटायला लागला. र्यू ओर्दनेरनंतर चार महिने हे चाललं. तिएमध्ये एक म्हातारा आणि त्याची मोलकरीण मारली गेली. २५ मार्च १९१२ला मोटारीसाठी एका ड्रायव्हरचा जीव घेतला आणि त्याच दिवशी शांतियीच्या बँकेत दोन कारकून मारले. बोनो श्वाझी-ल-र्वा इथं वेढ्यात सापडला. हजारोंचा जमाव बघायला लोटला होता, पोलिसांनी घर डायनामाइटनं उडवलं. टोळीतले गार्निये आणि व्हाले दोन आठवड्यांनी तसेच गेले. २१ एप्रिल १९१३ला काल्मँ, सूदी आणि मोनिये गिलोटिनवर चढले. सूदी वाण्याच्या दुकानात राबलेला, क्षयानं पोखरलेला, वय २१. यांच्यापैकी बहुतेकांनी भूक पाहिली होती आणि कोवळ्या वयात मार खाल्ला होता, हे मी कधी विसरत नाही.

काल्मँचा ब्रसेल्सपासूनचा मित्र व्हिक्टर सर्ज तेव्हा ते साप्ताहिक चालवत होता. कुठल्याही दरोड्यात तो नव्हता, पण 'मी दरोडेखोरांच्या बाजूनं' असं त्यानं छापलं. मित्रांविरुद्ध साक्ष दिली नाही आणि पाच वर्षं तुरुंग भोगला. पुढं रशियात क्रांती जवळून पाहिलेल्या याच माणसानं, ती वाट आत्मघाताची होती, हे मोकळेपणानं लिहिलं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तिथं येतो. काबी वाचला होता. पोलिसांनी त्याला फोटो दाखवले. आधी त्यानं एकाला ओळखलं, नंतर त्याचं बोट वळलं युजेन द्यूदोनेकडं. द्यूदोने लाकूडकाम करणारा, या मुलांच्या ओळखीतला. तो तिथं नव्हता, असं बोनोनं मरण्यापूर्वी लिहून ठेवलं. गार्नियेनं फरार असताना पत्रातून कळवलं. निकालानंतर काल्मँनंही सांगितलं. तरी काबीच्या शब्दावर द्यूदोनेला मृत्युदंड झाला. राष्ट्राध्यक्षांनी तो जन्मठेपेवर आणला. सुमारे चौदा वर्षांनी गयानातून पळून तो ब्राझीलला पोचला, आल्बेर लाँद्र या पत्रकारानं त्याची बाजू लावून धरली आणि शेवटी त्याला माफी मिळाली. परत आल्यावर पॅरिसमध्ये तो पुन्हा लाकडाचं सामान बनवायला लागला.

काबीला मी दोष देत नाही. छातीत गोळ्या घेतलेला माणूस, समोर अधिकारी, वर्तमानपत्रांचा गदारोळ. पण हे वाचलं आणि मला भिंतीशी उभे केलेले ते पाच जण आठवले. १८७१ मध्ये, पॅरिसचा कम्यून, म्हणजे बंडखोर कामगारांचं शहर-सरकार, चिरडला गेला त्याच वर्षी, आपल्याकडं गुन्हेगार जमाती कायदा झाला आणि अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. पुढं पारधीही त्यांत आले. १९५२ मध्ये तो कायदा गेला, तरी पस्तीस वर्षांनी दरोडा पडला की जीप पालावरच जात होती. द्युव्हालनं, जाकोबनं कायद्याबाहेरचं जगणं पत्करलं. या पाच जणांना कुणी विचारलंच नव्हतं. मामांनी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. कान गेलेला माणूस, कुणी शंका घेतली नसती.

म्हणून मी यांच्याबद्दल वाचतो. मालमत्तेबद्दलचा त्यांचा प्रश्न मला खोटा वाटत नाही. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजल्यावर तो पडतोच. कर्ज कुणाचं माफ होतं आणि कुणाच्या दारात वसुलीची माणसं जातात, हे मी काउंटरमागून पाहिलं आहे. पण त्यांचं प्रत्येक पान वाचताना मी एवढंच शोधतो, की त्या दिवशी पिशवी कुणाच्या हातात होती आणि त्याचं काय झालं.

मामा जाण्याच्या दोन वर्षं आधी मी त्यांना र्यू ओर्दनेरची गोष्ट सांगितली. उजव्या कानाशी वाकून, सावकाश. त्यांनी मध्ये काही विचारलं नाही. संपल्यावर म्हणाले, "मग तो सुतार सुटला का?"

"सुटला," मी म्हणालो. "लई वर्षांनी."

"आणि शिपायाला कळलं का ते?"