ताई, हल्ली श्रमदानाला का येत नाही?

"ताई, श्रमदानाला हल्ली दिसत नाही. ग्रामसभेला मात्र हमखास. निवडणूक लढवायचीय का?"

लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या थांब्यावर, दळण आणायला गेले तरी हेच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकते. नाही, लढवायची नाही. आणि लढवायची असती तरी त्यात लाजायचं काय, ते मला कळत नाही.

श्रमदानाला मी कमी लेखत नाही. पाणी अडवायला चर खणले, बंधारा बांधला, त्या उन्हाळ्यात उजाडायच्या आत सगळं गाव टिकाव-घमेली घेऊन माळावर असायचं. वर्षानुवर्षं अबोला धरलेले भाऊ एकाच चरात उतरले होते. तेव्हा माझं पक्कं मत होतं की घाम गाळलेल्या माणसाला सभेला बोलवावं लागत नाही, तो आपणहून येतो.

तो आला नाही. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला कमी असेल तो आकडा म्हणजे ग्रामसभेचा कोरम, सभा भरायला लागणारी किमान हजेरी. तेवढेही जमले नाहीत आणि सभा तहकूब झाली. तहकूब सभेला कोरमची अटच नसते, हे ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांना चांगलं ठाऊक होतं.

पुढच्या वेळी समाजमंदिरात सतरंजीची एक कडही भरली नव्हती. आम्ही बांधलेल्या बंधाऱ्याचा सांडवा दुरुस्त करायचा आणि गाळ काढायचा, असं आराखड्यात धरलेलं होतं. ग्रामसेवकांनी विषय वाचला तेव्हा त्या पैशांतून गावाच्या वेशीवर कमान उभी राहत होती. "कुणाची हरकत?" मी हात वर केला, सांडवा तसाच राहिला तर काय होईल तेही बोलले. "ताई, एकट्या तुमचीच हरकत आहे. नोंद घेतो." पुढे इतिवृत्ताची नक्कल काढली. त्यात लिहिलं होतं, 'ठराव सर्वानुमते मंजूर.' खाली सूचक, अनुमोदक. अनुमोदक म्हणजे चरात माझ्या शेजारी घमेलं भरणारा माणूस.

पावसाळ्यात सांडव्याची कड सुटली. खालच्या शेतातली माती धुऊन गेली, नुसता मुरूम उरला. त्या शेताचा मालक चारचौघांत माझ्यावर ओरडला, "तुम्ही होतात ना सभेत? मग गप्प का बसलात?" सभेच्या दिवशी तो स्वतः गावातच होता. नक्कल माझ्या पिशवीत होती, पण ती मी काढली नाही. त्या कागदावर माझाही होकार होता.

मग दोन्हीकडे का जात नाही, असं विचाराल. खरं सांगते, त्या अनुमोदकाच्या शेजारी टिकाव उचलवत नाही. हे बरोबर आहे असं माझं म्हणणं नाही. पण सभेत आता हरकत लिहून, वाचून दाखवेपर्यंत मी जागची उठत नाही, आणि ते काम दुसरं कुणी करत नाही.

माझ्यातली जुनी कार्यकर्ती मात्र ऐकत नाही. ती म्हणते, टिकाव हातात होता तेव्हा लोक तुझं ऐकायचे, आता कागद बघितला की उठून जातात. मी तिला पाणी राखून दाखवणाऱ्या हिवरे बाजार गावाचं उदाहरण देते. श्रमदान तिथेही झालं, पण पाणी टिकलं ते चराईबंदी, शेतीसाठी बोअरवेल नको, अशा निर्णयांवर. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि कुठली पिकं घ्यायची ते त्यावर ठरतं. ती लगेच विचारते, तो ताळेबंद लोकांनी मानला कशाच्या जोरावर? आधी एकत्र राबले होते म्हणूनच ना? यावर माझ्याकडे धड उत्तर नाही.

सांडव्याचा विषय २ ऑक्टोबरच्या सभेत घ्यावा म्हणून अर्ज दिला आहे. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असा कायदाच आहे. आमच्याकडे तिचं रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतात. या वेळी दारात रजिस्टर आलं तर सही करायची नाही, एवढं आमच्या आळीतल्या बायकांशी बोलून ठेवलंय. काहीजणी हो म्हणाल्या. काहींनी घरात विचारून सांगते म्हटलं.