नेम चुकणाऱ्या मुलीकडे कसे पाहावे

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात राहायला आलेल्या माणसाला बास्केटबॉलकडे पाठ फिरवून राहणे जमत नाही. गॅरेजच्या दारावर रिंग असते, चर्चच्या सभागृहात कोर्ट आखलेले असते आणि हिवाळ्यातल्या शुक्रवारी रात्री शाळेच्या जिम्नॅशियममध्ये आजी-आजोबांसकट सगळे गाव लोटते. इंडियानापोलिसच्या पूर्वेला न्यू कॅसल नावाचे लहानसे शहर आहे. तिथल्या शाळेचे जिम्नॅशियम हे जगातले सर्वांत मोठे शालेय जिम्नॅशियम म्हणून ओळखले जाते. अशा ठिकाणी राहून, शेजाऱ्यांच्या मुलांचे सामने बघता बघता, खेळाडू पारखण्याची इथली पद्धत हळूहळू समजू लागते. ठाण्याहून ताईचा फोन आला, तेव्हा तिच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या पद्धतीतच सापडले, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे.

माझी भाची चौदा वर्षांची आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या त्यांच्या गृहसंकुलात सिमेंटचे कोर्ट आहे आणि दहा वर्षांची असल्यापासून ती तिथे खेळते. गेल्या महिन्यात एका प्रशिक्षण केंद्राच्या निवड चाचणीत तिला दहा शॉट मारायला सांगितले; त्यांपैकी एकच बास्केट झाला आणि हिला नेम नाही, पुढच्या वर्षी दहावीच आहे, तर आता अभ्यासाकडे लक्ष द्या, असे ताईला सांगण्यात आले. ताईने मला विचारले, तू तिकडे एवढे सामने बघतोस, खरे सांग, हिच्यात काही आहे का?

प्रथम त्या दहा शॉटांविषयी. एखाद्या मुलीचा खरा नेम तीनांत एक एवढा आहे असे धरले, तरी दहा शॉटांच्या चाचणीत तिचा एकच चेंडू आत जाण्याची किंवा एकही न जाण्याची शक्यता साधारण दहांत एक एवढी असते आणि त्याच मुलीचे पाच किंवा त्याहून अधिक बास्केट होण्याची शक्यता पाचांत एक. याचा अर्थ असा की त्याच नेमाच्या दोन मुलींपैकी एक घरी पाठवली जाईल आणि दुसरीचे कौतुक होईल, आणि दोघींमध्ये फरक काहीच नसेल. इथले अनुभवी प्रशिक्षक एका दुपारच्या आकड्यावर म्हणूनच विसंबत नाहीत. चेंडू आत गेला की नाही यापेक्षा तो हातातून कसा सुटला आणि चुकला तर कुठे चुकला, याकडे त्यांचे डोळे असतात. चेंडू सरळ रेषेत जाऊन रिंगेच्या पुढच्या कडेवर आदळत असेल, तर ते ताकदीचे किंवा थकव्याचे लक्षण असते आणि वयाबरोबर ते बरेचसे सुधारते. तो कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात असेल, तर कोपर, मनगट किंवा आधाराचा दुसरा हात आपल्या जागी नाही असे समजायचे. ते दुरुस्त करायला जास्त मेहनत लागते.

गेल्या डिसेंबरात मी ठाण्याला आलो होतो, तेव्हा भाचीला मी रोज संध्याकाळी खेळताना पाहिले. तिचे चेंडू बहुतेक वेळा आखूड पडत होते. कोर्टावर सगळ्या वयांच्या मुलामुलींसाठी सात नंबरचा एकच चेंडू होता. तो पुरुषांचा चेंडू, वजन ५८० ते ६२० ग्रॅम. मुलींचा सहा नंबरचा चेंडू ५१० ते ५५० ग्रॅमचा असतो आणि आकारानेही लहान असतो. जड चेंडू ३.०५ मीटर उंचीवरच्या रिंगेपर्यंत पोचवायचा तर कोवळ्या खांद्यांची मुलगी तो कमरेपासून ढकलते, आणि ढकललेला चेंडू सपाट जातो. हा सपाटपणा किती महाग पडतो हे साध्या भूमितीने दिसते. रिंगेचा व्यास ४५ सेंटिमीटर आहे. चेंडू ४५ अंशांच्या कोनात खाली आला, तर त्याला सुमारे ३२ सेंटिमीटरचे तोंड मिळते. तोच ३० अंशांत आला, तर जेमतेम साडेबावीस सेंटिमीटरचे, आणि सात नंबरच्या चेंडूचा व्यासच २४ सेंटिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे तो कुठेही न आदळता आत जाऊच शकत नाही. शिवाय त्या रिंगेला जाळी नव्हती, मुले लोंबकळून लोंबकळून ती पुढे वाकलेली होती आणि खाडीकडून संध्याकाळी वारा येत होता. जून ते सप्टेंबर उघड्यावरचा सराव जवळपास बंदच असतो. ठाणे आणि नवी मुंबईतल्या अनेक संकुलांत हीच स्थिती असणार. इथे इंडियानात लहान मुलांसाठी रिंग खाली घेतात, चेंडू लहान देतात, आणि मग बारा-तेराव्या वर्षी मूल सरळ पवित्र्यात उभे राहून शॉट मारते. त्यांचा नेम आणि आपल्या मुलीचा नेम यांची तुलना करण्याआधी एवढे लक्षात घ्यायला हवे.

इंडियानापोलिसमध्ये या विषयाची एक जुनी हळहळ आहे. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधले संघ दरवर्षी क्रमाने नवे खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. २०११ च्या ड्राफ्टमध्ये इंडियाना पेसर्स या इथल्या संघाने पंधराव्या क्रमांकावर काव्हाय लेनर्ड या खेळाडूची निवड केली आणि त्याच रात्री त्याला सॅन अँटोनिओच्या संघाला देऊन बदल्यात जॉर्ज हिल या आपल्याच शहरात वाढलेल्या गार्डला आणले. लेनर्ड महाविद्यालयात दोन वर्षे खेळला होता आणि त्याचे तीन गुणांचे, म्हणजे लांबून मारलेले, शॉट साधारण चारांत एक एवढेच लागत होते. सॅन अँटोनिओचे शूटिंग प्रशिक्षक चिप एंगेलंड यांच्या हाताखाली त्याची शॉट मारण्याची ठेवण बदलली आणि पहिल्याच मोसमात ते प्रमाण ३७ टक्क्यांच्या वर गेले. पुढे २०१४ आणि २०१९ अशा दोन अंतिम मालिकांत तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. मात्र त्याच्याकडे पाहणाऱ्याला काही खुणा आधीच दिसत होत्या: त्याचे फ्री थ्रो (समोरच्याच्या फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षी चारांपैकी तीन लागत होते, हात विलक्षण मोठे होते आणि बचाव करताना तो समोरच्याला श्वास घेऊ देत नसे.

फ्री थ्रो हीच माझ्या मते सर्वांत विश्वासाची खूण. अंतर ठरलेले, ४.६ मीटर, अंगावर कोणी नाही, घाई नाही. तिथे हात मऊ असेल, चेंडू उलटा फिरत रिंगेवर हलके उतरत असेल, तर दूरचा नेम उद्या येण्याची आशा धरता येते. लांबून चुकणारा पण फ्री थ्रो लावणारा मुलगा आणि दोन्ही चुकवणारा मुलगा यांना एकाच पारड्यात तोलणे अन्यायाचे आहे.

तरीही ही खूण म्हणजे हमी नव्हे. २०१२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या मायकल किड-गिलक्रिस्टचे महाविद्यालयातले फ्री थ्रो बरे होते, बचाव उत्तम होता, आणि मार्क प्राइस यांच्यासारख्या अव्वल शूटरने त्याच्याबरोबर मेहनत घेतली. पण शॉट मारताना कोपर अडखळण्याची त्याची सवय पुरती गेली नाही आणि कारकीर्द लवकर आटोपली. बेन सिमन्स २०१६ मध्ये पहिल्या क्रमांकावर आला, त्याच्यासारखा पास देणारे उंच खेळाडू विरळाच. तरी २०२१ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, त्याने ७३ फ्री थ्रोंपैकी फक्त २५ लावले आणि अटलांटाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात बास्केटखाली मोकळा असूनही चेंडू दुसऱ्याला दिला. मला त्या चुकलेल्या फ्री थ्रोंपेक्षा तो न मारलेला शॉट जास्त गंभीर वाटतो. चुकण्याच्या भीतीने मारायचेच सोडले, तर सुधारण्याचा रस्ताच बंद होतो. भाची चुकते, पण पुन्हा मोकळी सापडली की पुन्हा मारते. चाचणीच्या कागदावर या गोष्टीला रकाना नव्हता.

आता शूटिंग सोडून बाकीच्या खेळाविषयी, कारण खरा निर्णय मला तिथेच दिसतो. जेसन किड १९९४ मध्ये ड्राफ्टमधून आला, तेव्हा त्याचे तीन गुणांचे शॉट २७ टक्के लागत होते. २०१३ मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर असे १,९८८ बास्केट होते आणि त्या वेळपर्यंतच्या इतिहासात त्याच्यापुढे दोनच खेळाडू होते. ही सुधारणा व्हायला अनेक वर्षे लागली, आणि ती वर्षे त्याला कोर्टावर मिळाली ती पास, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणे) आणि बचाव यांच्या जोरावर. ज्याचा बाकीचा खेळ संघाला हवा असतो, त्याला संघ खेळवतो. जो खेळतो, त्याचा नेम सामन्याच्या धावपळीत तयार होतो. बाकी काही नसेल आणि नेमही नसेल, तर मूल बाकावर बसते आणि बाकावर बसून शूटिंग येत नाही. आमच्या पेसर्सचा टी. जे. मॅकॉनेल याला २०१५ च्या ड्राफ्टमध्ये कोणीच घेतले नव्हते. तो एनबीएच्या मानाने बुटका आहे, लांबून फारसे मारतही नाही. पण समोरचा संघ रेषेबाहेरून चेंडू खेळात आणत असताना तो मध्येच पळवून नेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. मार्च २०२१ मध्ये क्लीव्हलंडविरुद्ध एकाच सामन्यात त्याने दहा वेळा चेंडू हिसकावला होता. इथल्या प्रेक्षकांचे त्याच्यावर अपार प्रेम आहे.

भाचीच्या खेळात मला दिसलेल्या गोष्टी मी ताईला एकेक करून सांगितल्या. चेंडू हातात येण्याआधीच ती मान वळवून कोण कुठे आहे ते बघून ठेवते. शॉट चुकला की जागच्या जागी हळहळत न राहता परत धावते. बचावात ती बोलते. मागून कोण येत आहे ते मैत्रिणीला ओरडून सांगते, आणि हे तिला कोणी शिकवलेले नाही. पाय मात्र अजून जड आहेत, डाव्या हाताने ड्रिबल कच्चे आहे, आणि गेल्या वर्षभरात उंची भराभर वाढल्यामुळे हातपाय अजून तिच्या ताब्यात आलेले नाहीत. या वयात उंची वाढताना आधी बसलेला नेमही बिघडू शकतो.

म्हणून माझे उत्तर होय असे आहे, आणि ते मामाच्या मायेने दिलेले नाही. अर्थात होय कशासाठी, हेही मी सांगितले. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू म्हणजे पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग. २०१५ मध्ये डॅलसने त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतले, तरी एनबीएच्या सामन्यात त्याला कधी उतरता आले नाही. ते शिखर मनात धरून कोणी चौदा वर्षांच्या मुलीची पारख करू नये. शाळेचा संघ, मग जिल्हा, जमले तर राज्य आणि पुढे महाविद्यालय, एवढा पल्ला तिच्यासमोर आहे आणि तो तिच्या आवाक्यातला आहे. दहावीसाठी खेळ पूर्ण थांबवावा असेही मला वाटत नाही; वेळ निम्मा करावा, पण फ्री थ्रो रोज मारावेत.

दाजींनी सहा नंबरचा चेंडू आणला आहे आणि संकुलाच्या समितीकडे रिंग सरळ करून जाळी लावण्याचा अर्ज दिला आहे. पहिले काही आठवडे भाचीने रिंगेपासून दोन पावलांवर उभे राहून, एका हाताने, उंच कमानीतले शॉट मारायचे आणि चेंडू सरळ जाऊ लागल्यावरच मागे सरकायचे, असे ठरले आहे. शिवाय तिने एक वही घातली आहे. तिच्यात किती लागले याबरोबर प्रत्येक चुकलेला चेंडू आखूड गेला, लांब गेला, डावीकडे की उजवीकडे, हेही ती लिहिते आणि दर रविवारी त्या पानाचा फोटो मला पाठवते.