होर्नचा पुतळा आणि फरसबीची भाजी

नेदरलँड्समधल्या व्होलेंडमला आम्ही जेमतेम अर्धा तास थांबलो. बंदरावर बसच्या बस उतरत होत्या, पारंपरिक टोप्या घालून फोटो काढायला रांग होती आणि माझ्या डच मैत्रिणीच्या चेहऱ्यावर ‘तुला बघायचं होतं म्हणून आणलं बाई’ असा भाव. एडमला जिरं घातलेलं चीज चाखलं आणि मुकाट्याने पाव किलो घेतलं. पुढे ते उपयोगी पडणार होतं.

कारण दुपारी एक वाजता, होर्नच्या धक्क्यावर, तिच्या नवऱ्याने पिशवीतून डबा काढला. आत पावाच्या दोन स्लाइस, मध्ये चीज. माणशी एक जोडी. मी वेंगुर्ल्याची. पाहुण्याने पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून वाढणाऱ्या माणसांत वाढलेली. ‘अजून हवं का?’ असं कुणी विचारेल म्हणून वाट बघितली. डबा बंद झाला. माणसं अतिशय प्रेमळ, दिवसभर माझ्यासाठी गाडी चालवणारी, पण हा हिशेब मला अजून जमत नाही.

शिवाय तिथे बसल्यापासून काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. शिडाची जहाजं होती, १५३२चा बुरूज होता, कठड्यावर बसून पाण्याकडे बघणारी पोरं होती, अर्थात ब्राँझची. पण खारा वास नव्हता! “हा आता समुद्र नाही,” तिचा नवरा म्हणाला. १९३२मध्ये उत्तरेला ३२ किलोमीटरचा बांध घालून त्यांनी आख्खी खाडीच बंद केली आणि पाणी हळूहळू गोडं झालं. दक्षिण अमेरिकेच्या टोकावरच्या केप हॉर्नला १६१६मध्ये या गावाचं नाव मिळालं, आणि गावापुढे आता तळं.

मग चौकात गेलो. रोडे स्टेन, म्हणजे लाल दगड. मधोमध यान पीटरझोन कूनचा पुतळा, १८९३चा, कमरेवर हात ठेवून ऐटीत उभा. हा होर्नचाच. डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल. जायफळ तेव्हा फक्त इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर व्हायचं, आणि तो व्यापार मुठीत यावा म्हणून १६२१मध्ये याने ती बेटं जिंकली. तिथले बहुतेक लोक मारले गेले, उपाशी मेले किंवा गुलाम करून नेले गेले. खालच्या पाटीवर त्याच्या हिंसेवरच्या टीकेचाही उल्लेख आहे. मैत्रिणीने ती मला वाचून दाखवली, जरा घाईघाईनेच.

“आमच्या गावातही तुमची वखार आहे,” मी म्हटलं.

“कुठे?”

फोनवर फोटो दाखवला. काळवंडलेल्या भिंती, त्यांतून उगवलेली झाडं. वेंगुर्ल्यात कुणालाही विचारा, ‘डच वखार’ म्हणूनच दाखवतील. तिने फोटो मोठा करून पाहिला, नवऱ्याला दाखवला. शाळेत बटाव्हिया, म्हणजे आजचं जकार्ता, शिकवलं होतं, हे नाव कधी ऐकलं नव्हतं म्हणाली. मलाही शाळेत बांदा म्हणजे सावंतवाडीजवळचं बांदाच माहीत होतं, हे मी तिला सांगितलं नाही.

एन्खाउझनलाही गेलो. त्यातलं मला फक्त भूक आठवते आणि गाडीत बसून खाल्लेलं जिऱ्याचं चीज.

संध्याकाळी बरोबर सहा वाजता तिच्या आईकडे जेवण. उकडलेले बटाटे, मांसाचा रस्सा आणि उकडलेली फरसबी. आईंनी कपाटातून छोटी किसणी काढली आणि फरसबीवर काहीतरी किसायला लागल्या. वास आला आणि मी चमकले. जायफळ! आमच्याकडे ते श्रीखंडात, पुरणात, नाहीतर बाळाला झोप लागावी म्हणून सहाणेवर दुधात उगाळून. आमच्या आजीचं एका बाजूने झिजून सपाट झालं होतं, अगदी यांच्या हातातल्यासारखं. पण भाजीवर?

“आम्ही फ्लॉवरवरही घालतो, पालकातही,” आई म्हणाल्या. “नेहमीचंच आहे. तुमच्याकडे मिळतं का हो जायफळ?”

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मिळतं, नारळी-पोफळीच्या बागांत लावतात.

भाजी मी दोनदा घेतली. मीठ जवळजवळ नव्हतंच.