आरएक्स १०० चं क्लच कव्हर आणि न सुटणारे स्टार स्क्रू

यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलच्या क्लच कव्हरचे स्टार स्क्रू एम६ (६ मिमी आट्यांच्या) मापाचे असतात आणि त्यांना ३ नंबरचं टोक लागतं. घरोघरी सापडतो तो २ नंबरचा स्क्रू ड्रायव्हर. तोही आत जातो, बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की खाच खाऊन बाहेर येतो. म्हणून मी आधी खाचेतली माती टोच्याने उकरतो, टोक बसवून हलवून बघतो. डुललं तर तो ड्रायव्हर बाजूला. स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका असेल तर खाच जपानी मापाची. तिला जेआयएस टोकच घ्यावं.

लांब ड्रायव्हरला ताकद जास्त, असं गॅरेजातही ऐकू येतं. ते खरं नाही. पीळ वाढतो मुठीच्या जाडीने: पकड तीच ठेवून २५ मिमीऐवजी ३५ मिमीची मूठ घेतली तर ४० टक्के जास्त. लांब दांडीने फक्त ती तिरकी नाही ना, एवढं कळतं.

ऑइल काढून, स्क्रूंवर गंज सोडवणारं तेल मारून गाडी रात्रभर ठेवतो. सकाळी दांडी मुठीतून आरपार गेलेला ड्रायव्हर खाचेत धरून हातोडीचे दोन-तीन ठोके. त्याने गंजाची पकड मोडते. प्लास्टिकच्या साध्या मुठीवर ठोकू नका, ती फुटते. मग मुठीखालच्या षटकोनावर रिंग पाना लावायचा. डाव्या तळव्याने सगळं वजन टोकावर, उजव्या हाताने पाना सावकाश. इथे दाब जास्त आणि पीळ कमी हवा. उलटं झालं की टोक उसळतं. टोकाला थोडी खरखरीत व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावली तर घसरणं बरंच कमी होतं.

तरीही अडला तर हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोका मारला की टोक फिरवणारा), ३ नंबरचं बिट, दिशा उलटी. कव्हर आधी हीट गनने तापवावं, कारण ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. गॅस टॉर्च मात्र नको, आत रबरी सील आहेत.

सगळे स्क्रू आधी पाव फेरा सैल करायचे, मगच एकेक काढायचा. नाहीतर शेवटच्यावर सगळा ताण येतो. लांबी वेगवेगळी असते, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्यात खोचून ठेवतो.

परत बसवताना मी ॲलन बोल्ट घालतो, आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावून. ॲलन कीची लांब बाजू हातात धरून मात्र ओढू नका: ॲल्युमिनियममधल्या एम६ आट्यांना ८ ते १० न्यूटन मीटर पीळ पुरे, त्यापुढे आटेच बाहेर येतात.